अँथनी अ‍ॅस्क्विथचं खरं काम मूकपटांत आहे

अँथनी अ‍ॅस्क्विथ म्हटलं की लोकांना १९३८ चा पिग्मॅलियन आठवतो, फार तर १९५२ चा द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट. म्हणजे गाजलेल्या नाटकांवर नीटनेटके सिनेमे काढणारा, ब्रिटिश पंतप्रधानांचा मुलगा, संपला विषय. मला हे खूप खटकतं, कारण या माणसाने पंचविशीच्या आसपास जे मूकपट केले त्यात नंतरच्या सगळ्यापेक्षा जास्त धाडस आहे असं माझं ठाम मत आहे.

१९२९ चा अ कॉटेज ऑन डार्टमूर घ्या. गोष्ट साधीच, एका सलूनमधला ‘जो’ नावाचा न्हावी, तिथेच मॅनिक्युअर करणारी सॅली, आणि तिच्यावर जीव जडलेला एक शेतकरी गिऱ्हाईक. पण मधे एक थिएटरचा सीन येतो आणि तो बघून मी अक्षरशः थक्क झाले. सॅली आणि तो शेतकरी सिनेमा बघतायत, न्हावी मागच्या रांगेत बसून त्या दोघांना बघतोय, आणि पडद्यावर काय चाललंय ते अ‍ॅस्क्विथ आपल्याला एकदाही दाखवत नाही! फक्त प्रेक्षकांचे चेहरे. आधी मूकपट चालू असतो तेव्हा ऑर्केस्ट्रावाले जोरात वाजवतायत, लोक हसतायत, कटही तसेच भराभर, मग बोलपट सुरू होतो आणि वादक वाद्यं खाली ठेवतात, त्यांना कामच उरत नाही. त्या वर्षी हे खरोखर घडत होतं, बोलपट आले की वादकांची गरज संपत होती, आणि ते त्याने एक शब्द न वापरता सांगितलंय. आणि या सगळ्यात जोच्या चेहऱ्यावर मत्सर चढत जातो तो वेगळाच.

त्याच्या आधीचा, १९२८ चा अंडरग्राउंड पण बघा. लंडनच्या ट्यूबमधे, म्हणजे भुयारी रेल्वेत, जिने चढणारी-उतरणारी गर्दी, डब्यात समोरासमोर बसलेल्या अनोळखी लोकांची चोरटी नजरानजर, आणि शेवटी लॉट्स रोड पॉवर स्टेशनवरचा पाठलाग. कथा जरा भाबडी आहे, ते मान्य, पण रोजच्या प्रवासात इतकं नाट्य त्या काळी कुणाला दिसलं असेल?

हिचकॉकचं नाव इतकं मोठं झालं की त्याच काळातल्या ब्रिटिश मूकपटांमधला अ‍ॅस्क्विथ बाजूलाच पडला. बीएफआयने (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) अंडरग्राउंड रिस्टोअर केलाय, नील ब्रँडच्या संगीतासकट. पण दोन्हींतला एकच बघणार असाल तर आधी डार्टमूर बघा, आणि तो थिएटरचा सीन दोनदा बघा, पहिल्यांदा जोकडे लक्ष ठेवून आणि दुसऱ्यांदा फक्त वादकांकडे.