आमची वाटचाल: एकोणसत्तरच्या वरची डाळ

आमची दालमिल 1994 च्या दसऱ्याला लातूरच्या एमआयडीसीत सुरू झाली. आदल्या वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता आणि त्यानंतर कित्येक महिने आमच्या घरातलं कुणी आत झोपत नव्हतं. अशात मी कर्ज काढून शेड उभं करतोय म्हटल्यावर आई चार दिवस बोलली नाही. वडील मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होते. त्यांची पत माझ्याकडे, पैसा भागीदाराकडे. 2001 मध्ये वाटण्या झाल्या, भागीदाराने तीन प्लॉट सोडून स्वतःची मिल टाकली. त्याचं पुढे येईलच.

मधली दहा वर्षं मिल चालली. पोरं शिकली, घर झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते मिस्त्रीमामांचं आणि उताऱ्याचं, म्हणजे शंभर किलो तुरीतून किती किलो डाळ निघते त्याचं. मामा पहिल्या दिवसापासून आमच्याकडे. तुरीची साल काढणाऱ्या रोलवरचा थर झिजला की बाकीचे मिलवाले बाहेरून माणूस बोलावतात. मामा स्वतः भरतात. एमरीचे दाणे, मॅग्नेसाइट आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी हे मिश्रण ते लोखंडी घमेल्यात हाताने कालवतात. मुठीत दाबून बघतात, मूठ उघडल्यावर गोळा फुटायला नको आणि बोटांना ओलही लागायला नको. मग रोलवर चढवून ठोकायचं, सुकू द्यायचं, घासून गोल करायचं. रोल आणि जाळी यांच्यातलं अंतर मापायला पट्टी आहे, पण मामांनी ती कधी हातात घेतल्याचं मला आठवत नाही. तेलपाणी करून मुरवलेली, वाळवलेली तूर ते दाताखाली धरतात. कट्ट वाजली तर रोलवर घ्यायची, दबली तर पुन्हा उन्हात. मी चांगला ओलावामापक आणून दिला, तो अजून डब्यात आहे. (नव्याने मिल टाकणाऱ्यांना सांगतो, ड्रायर घ्या, पण कॅश क्रेडिटच्या, म्हणजे माल भरायला बँक देते त्या पैशातून घेऊ नका. त्या पैशाने तूरच घ्यायची.)

2011 मध्ये सॉर्टेक्स, म्हणजे डाळ निवडणारं मशीन आणलं. भागीदाराने आधी आणलं होतं आणि यार्डात सांगत फिरायचा की आता यांची डाळ कोण घेणार. तोपर्यंत आमच्याकडे अठरा बाया डाळ निवडायच्या, कट्ट्यामागे मजुरी. सॉर्टेक्स आल्यावर तीन उरल्या. पंधराजणींना मी त्या महिन्याची मजुरी आणि एकेक साडी दिली. मशीनने जे वाचलं ते कुठं गेलं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार असायचं, हप्त्यात गेलं. हप्ता पाच वर्षांत फिटला. त्यानंतर कुणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. त्यातल्या एक मावशी अजून म्हशीसाठी चुनी, म्हणजे डाळीचा चुरा न्यायला येतात. बाजारभावाने देतो.

मग 2016 आलं. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तूर भरडायची तर तेलानंतर पाणी मारावंच लागतं. माणसाला प्यायला रेल्वेने पाणी आणि मी टँकर विकत घेऊन तुरीवर मारत होतो. लाज वाटली, पण मिल बंद ठेवली नाही.

चूक त्याच उन्हाळ्यात झाली. आदल्या वर्षी डाळ किरकोळीत 200 रुपये किलोला टेकली होती. साठ्यावर मर्यादा आल्या, धाडी पडल्या, तरी यार्डात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, तूर क्विंटलला बारा हजार बघणार. मी नऊ हजाराच्या वर भरली. पाऊस चांगला झाला. तूर इतकी पिकली की पुढच्या वर्षी फेब्रुवारीत हमीभाव 5,050 असताना यार्डात चार-सव्वाचार हजाराला विकायला लागली. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, शेतकरी ट्रॅक्टर लावून रात्री काढत होते. माझ्या गोदामात तोवर महागाची तूर पडून होती. आज विकू, उद्या विकू करत मी पन्नास लाखांच्या वर घालवले. भरीला परराज्यातल्या एका पेढीने दोन ट्रक डाळीचे पैसे बुडवले. बँकेने लिमिट कापली. भागीदार यार्डात चहा पिताना म्हणाला, ‘मुनीमाचा पोरगा तो, वही लिहावी त्यानं.’ हे वाक्य मला तिघांनी येऊन सांगितलं. तिघांनाही मी चहा पाजला.

त्या काळात एकच माणूस न बोलावता आला, अंबाजोगाईचे आमचे किराणावाले शेटजी. 1996 पासून महिन्याला वीस कट्टे, कधी भाव पाडून मागितला नाही. नोटाबंदीच्या दिवसांत शंभराच्या नोटांची पिशवी घेऊन आले आणि चाळीस कट्ट्यांचे पैसे आगाऊ ठेवून गेले. पावती घेतली नाही. त्या पैशातून दोन आठवड्यांची थकलेली मजुरी चुकती केली.

मार्चमध्ये काम निम्म्यावर आलं होतं. मामा म्हणाले, ‘मालक, रोल रडायलाय. दोन वर्षं सांगायलोय. आता तरी चार दिवस द्या.’ हंगामात मी कधी दिले नव्हते. आता द्यायला चारच काय, चाळीस दिवस होते. मामांनी दोन्ही रोल उतरवून भरले, जाळ्या बदलल्या, बेअरिंग बदलली. पोरांना तुरीची तीन आकारांत चाळण करायला लावली, म्हणजे बारीक दाण्याला मोठ्या दाण्याचा मार बसणार नाही.

उतारा 69 होता. 71 वर गेला.

दालमिलवाल्याला हे समजवायला नको, पण इतरांसाठी मांडतो. रोज 60 क्विंटल तूर. क्विंटलमागे दोन किलो डाळ जास्त, म्हणजे दिवसाला एक क्विंटल वीस किलो. हाच माल आधी तुकडा आणि भरडा होऊन चुनीत जायचा. डाळ तेव्हा 6,200, चुनी 1,500. फरक 4,700. दिवसाला 5,640 रुपये. मिलमध्ये मामा धरून अकरा माणसं, रोज 350. सगळ्यांची मिळून मजुरी 3,850. म्हणजे त्यांच्या हाताने जे जास्तीचं निघालं ते त्यांच्या सगळ्यांच्या रोजापेक्षा जास्त होतं.

हा हिशेब मी केला नव्हता. मामांच्या वहीत होता. शाळेची चौरेघी वही, 2003 पासूनचा रोजचा उतारा, शिसपेन्सिलने. दिवाळीच्या आधी त्यांनी ती माझ्या गादीवर ठेवली. म्हणाले, अर्धं द्या.

मी बोनस दाखवला. 1965 चा कायदा तेव्हा किमान 8.33 टक्के सांगायचा, म्हणजे वर्षाला एक पगार, आणि तो मी तोट्याच्या वर्षीही दिला होता. मामा म्हणाले, ते तर रोल रडत होता तेव्हाबी मिळत होतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कर सल्लागाराने सांगितलं की त्याच कायद्यात 31-अ कलम होतं, नफ्याऐवजी उत्पादनाशी जोडून बोनस ठरवता यायचा, पण कमाल 20 टक्के. शेवटी ठरलं ते असं: 69 च्या वर जे निघेल त्याच्या फरकाचा पाचवा हिस्सा कामगारांचा, दर शनिवारी, बोनसच्या वेगळा. मामांचे दोन वाटे, बाकी दहाजणांचा एकेक. वाट्याला दिवसाचे 94 रुपये पडायचे. 350 वर 94, म्हणजे पाव रोजाच्या वर, म्हणून त्याला बोनस न म्हणता उत्पादन भत्ता म्हणा, असं सल्लागाराचं म्हणणं. आम्ही त्याला ‘वरची डाळ’ म्हणतो.

बाकीचे चार हिस्से मी ठेवले. हे कमी वाटत असेल तर माझं व्याज भरून बघा. तूर चुकली तेव्हा पन्नास लाखांतला पाचवा हिस्सा कुणी उचलला नव्हता. पण हे मी मामांना म्हणालो तेव्हा ते म्हणाले, ‘तूर घेताना आमाला कुठं इचारलाव?’

यार्डात ही गोष्ट फुटली. दोघा-तिघांनी मला रेट खराब करणारा ठरवलं. पुढाकार कुणाचा ते सांगत नाही, तीन प्लॉट चालत जा. त्याने रोलवरची माझी दोन पोरं रोजाला शंभर जास्त देऊन नेली. सरळ शंभर, वही नाही, उतारा नाही. पोरं परत आली नाहीत. मला अजून राग आहे, त्यांचा कमी, त्याचा जास्त. पोराला धंद्यात आणणाऱ्या मिलवाल्यांना एवढंच सांगतो, आधी दोन वर्षं त्याला काट्यावर बसवा आणि शनिवारचे पैसे त्याच्या हाताने वाटू द्या. माझ्या पोराला मी थेट खुर्चीवर बसवलं.

त्याचंच आता चाललंय. मागच्या वर्षी नवं सॉर्टेक्स आणि नवी चाळणी आणली, उतारा साडेबाहत्तरला गेला. पोरगा म्हणतो, ही वाढ मशीनची आहे, आता मोजणी 69 पासून नको, 71 पासून धरू. हिशेबाने त्याचं चूक नाही. मशीनचा हप्ता आम्हीच भरतोय. पण मामांनी वही उघडून दाखवलं की नवी चाळणी बसवल्यावर पहिले नऊ दिवस उतारा 70 च्या खाली होता. जाळीचं अंतर त्यांनी तीनदा बदललं, तेव्हा कुठे तो वर चढला. पोरगा म्हणाला, ते तर त्यांचं कामच आहे. मामा काही बोलले नाहीत, वही मिटली आणि रोलकडे गेले.

दोन शनिवार झाले, वरची डाळ वाटली नाही. पैसे पाकिटात घालून कपाटात ठेवलेत, 69 च्या हिशेबाने. पोराला ते अजून माहीत नाही.