नीना मॉरिसनचा गुडघा आणि सात फेऱ्यांचा हंगाम

मेलबर्न, ऑक्टोबर, रविवार रात्र

नीना मॉरिसन ही ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या खेळात जीलाँगच्या महिला संघाच्या मधल्या फळीतील किती महत्त्वाची खेळाडू आहे, हे तिचा खेळ पाहणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. चेंडू गर्दीत अडकला की ती आधी वाकते, उचलते आणि इतरांचे हात पोहोचेपर्यंत हँडबॉलने, म्हणजे एका हातावरचा चेंडू दुसऱ्या हाताच्या मुठीने मारून, पुढे देऊन मोकळी झालेली असते. परंतु व्यावसायिक कारकिर्दीच्या पहिल्या दोन हंगामांत मिळून तिच्या वाट्याला मोजकेच सामने आले होते, हे आज ज्यांना सांगितले त्यांना ते खरेच वाटले नाही. म्हणून तो सारा काळ एकदा नीट लिहून ठेवावा, असे रात्री वाटले.

2018 च्या महिलांच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नव्या खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, जीलाँगने पहिल्या क्रमांकावर तिची निवड केली. मेलबर्नच्या नैर्ऋत्येला कोरिओ उपसागराच्या काठी वसलेल्या या शहराचा पुरुषांचा संघ एकोणिसाव्या शतकापासूनचा, पण महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र जीलाँगला प्रवेश मिळाला तो 2019 मध्ये, स्पर्धा सुरू झाल्यानंतर दोन वर्षांनी. त्यामुळे जीलाँग फाल्कन्स या युवा संघातून पुढे आलेली अठरा वर्षांची मुलगी आणि तिच्या क्लबचा महिला संघ, या दोघांचेही पदार्पण एकाच संध्याकाळी झाले. कार्डिनिया पार्क या जीलाँगच्या मैदानावर 18,000 हून अधिक प्रेक्षक आले होते. समोर कॉलिंगवूडचा संघ होता, आणि ज्या खेळात गोलाला सहा गुण मिळतात त्या खेळात जीलाँगने तो सामना एका गुणाने जिंकला. मॉरिसन त्या दिवशी इतकी चांगली खेळली की हंगामातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूच्या पुरस्कारासाठी पहिल्याच फेरीतून तिचे नामांकन झाले.

त्यानंतर काही दिवसांतच सरावात तिच्या गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटला.

हा अस्थिबंध मांडीच्या आणि नडगीच्या हाडांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवतो. धावताना एकदम दिशा बदलली, उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आत वळला, की तो तुटू शकतो, आणि पूर्ण तुटला तर आपोआप पूर्ववत जुळून येईल याची खात्री धरता येत नाही. शस्त्रक्रियेत बहुधा खेळाडूच्याच शरीरातील दुसऱ्या एखाद्या स्नायूबंधाचा तुकडा घेऊन तेथे बसवतात, आणि तो तुकडा हाडात रुजून स्पर्धात्मक खेळाचा भार सोसू लागेपर्यंत साधारणतः नऊ महिने ते एक वर्ष जाते. महाराष्ट्रात ज्यांनी कबड्डी जवळून पाहिली आहे, त्यांना या दुखापतीची वेगळी ओळख करून द्यायला नको. पकडीत पाय रोवलेला राहतो, अंग फिरते आणि एका क्षणात हंगाम संपतो.

मॉरिसनच्या बाबतीत हंगाम संपणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर त्या हंगामाची लांबी पाहावी लागते. 2019 मध्ये महिलांच्या साखळीत अवघ्या सात फेऱ्या होत्या. पुरुषांच्या बावीस सामन्यांच्या हंगामात जायबंदी खेळाडू कधी कधी उत्तरार्धात तरी परत येतो, परंतु येथे फेब्रुवारीत सुरू झालेली साखळी मार्चमध्ये आटोपत असे, आणि मग पुढच्या वर्षापर्यंत काहीच नसे. मानधनही त्याच बेताचे होते. 2017 च्या पहिल्या हंगामात बहुसंख्य खेळाडूंना 8,500 ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले होते. म्हणजे नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, संध्याकाळच्या सरावांवर, या मुलींनी पूर्ण वेळ खेळणाऱ्याचे शरीर घडवावे अशी अपेक्षा होती. मला ती अपेक्षा अन्यायकारक वाटत आली आहे आणि आजही वाटते.

वर्षभराच्या तयारीनंतर 2020 मध्ये ती परतली, आणि त्याच हंगामात तोच गुडघा पुन्हा निकामी झाला.

येथे मी बराच वेळ थांबले. पहिल्या दुखापतीनंतर माणसाला चीड येते, तिच्यात एक प्रकारची ऊर्जाही असते. दुसऱ्या वेळी प्रत्येक पायरी आधीच ठाऊक असते. कुबड्या कधी सुटतील, सरळ रेषेत धावायला कधी मिळेल, सहकारी सामन्याला निघताना आपण व्यायामशाळेत किती महिने एकटे असू, हे सगळे ठाऊक असताना एकोणीस वर्षांच्या मुलीने पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहायचे असते. ती उभी राहिली, आणि 2021 मध्ये मैदानावर आलीही. पण ज्या संघात ती परतली त्या संघाने त्या वर्षी नऊ सामन्यांपैकी फक्त एक जिंकला. तिची जिद्द वाखाणताना लोक हे वर्ष गाळतात. मला मात्र तेच सर्वांत कठीण वाटते, कारण गुडघा बरा झाल्याचे बक्षीस म्हणून तिला आठवड्यामागून आठवडा पराभवच मिळत होता. दोन वर्षांनी, 2023 मध्ये, हाच संघ अंतिम सामन्यापासून एका विजयाच्या अंतरापर्यंत पोहोचला.

तिच्या धैर्याचे कौतुक करून हा विषय मिटवणे मला पटत नाही. या स्पर्धेच्या सुरुवातीच्या वर्षांत महिलांमध्ये एसीएल तुटण्याचे प्रमाण पुरुषांच्या कित्येक पट होते. त्यामागे शरीररचनेची कारणे सांगितली जातात आणि त्यांत तथ्यही असेल, परंतु मुलींना हा खेळ शिकवलाच कोणी आणि कोणत्या वयात, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात मुलींना बाराव्या वर्षानंतर मुलांबरोबर खेळायला मनाई होती आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यासाठी वेगळी स्पर्धाही नव्हती. त्याविरुद्ध तीन मुलींनी न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, 2004 मध्ये निकाल लागला, आणि त्यानंतर मुलींच्या स्वतंत्र स्पर्धांना चालना मिळाली. त्या तिघींपैकी पेनी क्युला-रीड पुढे कॉलिंगवूडकडून या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. म्हणजे मुलगे ज्या वयात टॅकल, म्हणजे चेंडू असलेल्या खेळाडूला पकडून रोखणे, कसा करावा, टॅकल झाल्यावर कसे पडावे, मार्क, म्हणजे किक मारलेला चेंडू हवेतच झेलणे, घेऊन कसे उतरावे हे रोज गिरवत होते, त्याच वयात मुलींच्या कित्येक पिढ्या मैदानाबाहेर होत्या.

आता चित्र बदलते आहे. किमान मानधन 2022 च्या करारात 39,184 डॉलरपर्यंत गेले, पुढच्या वर्षी बारा महिन्यांचे करार आले, आणि ला ट्रोब विद्यापीठातील संशोधकांच्या मदतीने ‘प्रेप टू प्ले’ नावाचा कार्यक्रम तयार झाला आहे. त्यात उडीनंतर दोन्ही पायांवर गुडघे वाकवून उतरणे, दिशा बदलताना पावले लहान ठेवणे, अंगावर येणारा धक्का झेलणे, अशा गोष्टी सरावापूर्वीच्या व्यायामातच बसवल्या आहेत. त्याला महागडी साधने लागत नाहीत. प्रशिक्षकाने प्रत्येक सरावाच्या आधी थोडा वेळ काढून ते न चुकता करून घ्यावे लागते, एवढेच.

माझी मुलगी या वर्षीपासून परिसरातील मुलींच्या संघात खेळते आहे आणि तिच्या सरावात आल्या आल्या थेट किक मारण्यापासून सुरुवात होते, हे मी पाहिले आहे. पुढच्या सरावाला थोडे लवकर जाऊन प्रशिक्षकांशी या व्यायामांविषयी बोलायचे ठरवले आहे. त्यांना वेळ पुरत नसेल, तर सुरुवातीची पंधरा मिनिटे मुलींकडून ते करून घेण्याची जबाबदारी आम्ही दोन-तीन पालक घेऊ.