गुहागरचं घर, बोल्डरचं ऊन

मागच्या नोंदीत संगणकावर उभारत असलेल्या आजोळच्या घरावर छप्पर चढवलं म्हणून मी फुशारकी मारली होती. त्यानंतरचे पाच आठवडे घर एक इंच पुढे गेलेलं नाही. सगळा वेळ दृश्यांची मांडणी, लेयर (हवे तेव्हा दाखवायचे-लपवायचे गट), सीन (साठवलेली दृश्यं) आणि शॉर्टकट यांत गेला. पण आता एका खोलीचं काम एका संध्याकाळी उरकतं, आधी त्याला आठवडा लागायचा. म्हणून ही नोंद घरापेक्षा हत्यारांबद्दल जास्त आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गुहागर तालुक्यातलं आमचं आजोळ, चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, साधारण बेचाळीस बाय तीस फुटांचं घर. मे महिन्यात टेप घेऊन मोजून आलो आणि स्केचअप मेक २०१७ या थ्री-डी मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं करतोय. मेक म्हणजे लॅपटॉपवर चालणारी ती शेवटची फुकट आवृत्ती. त्यानंतर फुकटात राहिली ती ब्राउझरमधली. माझा लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. नोकरी आकडेमोडीची, वास्तुकलेशी संबंध शून्य.

कौलांचा घोळ

छप्पर पूर्ण झालं त्या रात्रीपासून घर फिरवायला गेलं की पडदा गोठायचा. माउस हलवा, चहाचा घोट घ्या, मग घर वळणार. फाइल तपासली तर जेमतेम सात एमबी. मी सरळ लॅपटॉपला बोल लावला आणि दोन दिवस नव्या लॅपटॉपच्या किमती बघण्यात घालवले.

चूक माझीच होती. कौल एकदाच काढलं, त्याचा कंपोनंट (एकदा काढून कितीही प्रती मारता येणारा तुकडा) केला, मग प्रती मारत गेलो. कंपोनंट केला की सगळं हलकं होतं हे मी इतक्यांदा वाचलंय की पुढे विचारच केला नाही. हलकी होते ती फाइल, कारण तिच्यात कौलाची व्याख्या एकदाच लिहिलेली असते. पडद्यावर मात्र प्रत्येक प्रतीची प्रत्येक कड काढावीच लागते. आमच्या छपराचं उतारावरचं क्षेत्र वळचणीसकट १६८ चौरस मीटर भरतं. चौरस मीटरला सुमारे पंधरा कौलं, म्हणजे अडीच हजार.

आणि एका कौलाला कडा किती? ४१२. कारण काय, तर आमच्या कौलांच्या पोटाला कारखान्याचा ठसा आहे. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, पुढे तिथे बरेच कारखाने उभे राहिले, आणि जो तो आपलं नाव कौलावर उठवायचा. लहानपणी माजघरात उताणं पडून मी ती अक्षरं वाचत असे. म्हणून हौसेने थ्री-डी टेक्स्ट वापरून ती उठवली. एकट्या ठशाच्याच तीनशेवर कडा. गुणाकार तुम्हीच करा, दहा लाखांच्या वर जातो.

हे कळलं कसं? मॉडेल इन्फो या सेटिंगच्या खिडकीत स्टॅटिस्टिक्स नावाचं पान आहे. तिथे 'शो नेस्टेड कंपोनंट्स' ची खूण केल्याशिवाय आतल्या प्रती मोजल्या जात नाहीत. मी ती खूण न करता आकडे बघत होतो आणि 'छे, एवढंसं तर आहे' म्हणत होतो. त्याच पानावर 'पर्ज अनयूज्ड' आहे. काढून टाकलेली पण फाइलीत लपून बसलेली सामग्री त्याने जाते. तो हात फिरवल्यावर फाइल सात एमबीवरून पाचवर आली. वेगात मात्र काडीचा फरक नाही, फाइलीचं वजन आणि पडद्यावरचं वजन वेगळं ते असं.

उपाय शेवटी असा केला. ठशाचं कौल एकच ठेवलं, देवघराच्या वर, जिथे ते खरंच वाचलं जातं. बाकीची कौलं ३८ कडांची साधी. शिवाय कौलांच्या जागी प्रत्येक पाख्याला एक सपाट पत्रा काढून त्यावर कौलांचा फोटो चिकटवला. खरी कौलं एका लेयरवर, फोटोवाला पत्रा दुसऱ्यावर. काम करताना पत्रा, कुणाला दाखवताना कौलं. घर परत भोवऱ्यासारखं फिरायला लागलं.

जाता जाता: वर्तुळाला मुळात चोवीस बाजू मिळतात. ओटीच्या खांबांची कातीव बोंडं मी तशीच काढली होती. बारा बाजूंची पुन्हा काढली, फरक मलाही ओळखू येत नाही. बाजूंचा आकडा आकार काढण्याआधी द्यावा, कारण एकदा त्याला उंची दिली की बदलता येत नाही.

लेयरची शिस्त

इथे जुनी खोड नडली. पूर्वी शिकलेल्या ड्रॉइंगमुळे डोक्यात होतं की भिंत काढायची तर आधी 'भिंत' लेयरवर जायचं. स्केचअपमध्ये हे चालत नाही. कच्च्या रेषा आणि पृष्ठभाग कायम लेयर-शून्यवर काढायचे, त्यांचा ग्रुप किंवा कंपोनंट करायचा आणि तो ग्रुप लेयरवर टाकायचा. मी चालू लेयरची खूण 'वासे' वर सोडून माजघराची भिंत काढली. पुढे वासे लपवले तर भिंतीच्या अर्ध्या कडा गायब आणि दरवाजा अधांतरी. निस्तरायला दोन संध्याकाळी गेल्या. (२०२० च्या आवृत्तीपासून लेयरला टॅग म्हणतात. नाव बदललं, नियम तोच.)

आता लेयर अकराच आहेत: जोतं, भिंती, खांब-तुळया, वासे-रिपा, कौलं खरी, कौलं फोटो, दारं-खिडक्या, माळा, सामान, अंगण, मापं. आधी चौतीस होते. 'देवघराचा कोनाडा' असा स्वतंत्र लेयर कोणत्या तंद्रीत केला होता, देव जाणे.

सीन: डोळा वेगळा, पडदा वेगळा

या पाच आठवड्यांतली खरी कमाई ही. सीन म्हणजे कॅमेऱ्याची जागा, एवढंच मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सीन सात गोष्टी लक्षात ठेवतो: कॅमेरा, लपवलेले आकार, दिसणारे लेयर, चालू छेद (आतलं दिसावं म्हणून मॉडेल कापणारी पातळी), स्टाइल (रेषा-रंग दाखवण्याची पद्धत) आणि धुकं, सावल्या, अक्ष. आणि प्रत्येकीची खूण स्वतंत्रपणे काढता येते.

आधी माझा प्रत्येक सीन सातही गोष्टी धरून बसायचा. ओटीवरून माजघरात गेलो की झाकलेलं छप्पर परत डोक्यावर. नवा लेयर केला की तो जुन्या प्रत्येक सीनमध्ये डोकावणार, मग एकेक सीन उघडून अपडेट करत बसा. सव्वीस सीन होते हो!

आता दोन जाती केल्या. 'डोळा' सीनमध्ये फक्त कॅमेऱ्याची खूण: डोळा-ओटी, डोळा-माजघर, डोळा-मागील दार. 'पडदा' सीनमध्ये कॅमेरा सोडून फक्त लेयर, छेद आणि स्टाइल: पडदा-काम, पडदा-सांगाडा, पडदा-पाहुणे. आधी डोळ्यावर टिचकी, मग पडद्यावर. सहा डोळे आणि चार पडदे यांत चोवीस जोड्या बसतात आणि सांभाळायचे फक्त दहा सीन. नवा लेयर आला तर चार पडदे अपडेट केले की झालं. अॅनिमेशनच्या पानावर सीन बदलताना होणारा दोन सेकंदांचा तरंगत जाण्याचा प्रकारही बंद केला. पाहुण्यांना तो आवडतो, काम करणाऱ्याला नाही.

पडदा-काम साठीची स्टाइल अगदी भिकार दिसणारी आहे आणि तशीच हवी: सावल्या बंद, प्रोफाइलच्या जाड रेषा बंद, फोटो-पोत बंद. पेन्सिलने काढल्यासारख्या दिसणाऱ्या स्टाइलच्या मोहात पडू नका, त्या फिरवताना जड जातात. ज्या स्टाइलच्या चित्रावर छोटं हिरवं घड्याळ असतं त्या हलक्या. शिवाय मी आठवड्यातून एकदा घर मोनोक्रोममध्ये बघतो. उलटे पडलेले पृष्ठभाग निळसर-राखाडी दिसतात, सरळ ते पांढरे. स्वयंपाकघराची उत्तरेची भिंत पूर्ण उलटी निघाली होती.

आणि एक शॉर्टकट, ज्याच्यासाठी मी कुणालाही चहा पाजीन: कंपोनंटच्या आत शिरल्यावर बाकीचं मॉडेल लपवण्याचा. मेनूत खोल दडलेला आहे, मी तो डब्ल्यू या कळीवर आणला. खिडकीचे गज दुरुस्त करताना मधे तुळई येत नाही. कुणाला पूर्ण लपवणं नको असेल तर मॉडेल इन्फोत बाकीचं फिकट करण्याची पट्टी आहे.

छेदाबद्दल थोडंच सांगतो. एका ग्रुपच्या आत ठेवलेला छेद फक्त तो ग्रुप कापतो. म्हणून छपराचा छेद छपराच्या ग्रुपात ठेवला तर माळ्यावरचे पाटे-वरवंटे, पेट्या, तांब्याची घंगाळं अखंड राहतात आणि वरून सगळा माळा दिसतो. नकाशासाठी चार फुटांवरचा आडवा छेद, वरून दृश्य आणि पॅरलल प्रोजेक्शन, म्हणजे लांबचं लहान न दिसणारं दृश्य. पर्स्पेक्टिव्ह चालू राहिलं तर भिंती आत कलंडलेल्या दिसतात आणि नकाशा नकाशा वाटत नाही.

मापांची कटकट

स्थानिक सुतार फूट, इंच आणि सूत सांगतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या वहीत 'दार ३ फूट २ इंच ३ सूत' असं आहे. पडद्यावर मात्र मापापुढे सारखी ती नागमोडी खूण यायची, म्हणजे दाखवलेला आकडा अंदाजे आहे, खरी लांबी वेगळी. युनिट्सच्या पानावर लेंग्थ स्नॅपिंग चालू होतं आणि माझी प्रत्येक मोकळी ओढ ते जवळच्या ठरीव मापाला नेऊन टेकवत होतं. मोजणी करताना जुन्या घराचा एकही कोपरा काटकोनात सापडला नव्हता, तिथे हे सॉफ्टवेअर परस्पर दुरुस्ती करत बसलं होतं. बंद केलं.

बोल्डरचं ऊन

आता लाजेची गोष्ट. मावशीला फोनवरून पडदा दाखवत होतो. डिसेंबरची दुपार लावली, सावल्या चालू केल्या, आणि दक्षिणेच्या पडवीतून ऊन थेट आत, दारातून माजघरात. मी खूश. मावशी म्हणाली, "अरे, हे काय भलतंच? ऊन पडवीच्या निम्म्यात थांबायचं. उरलेल्या निम्म्यात तुझा धाकटा मामा घोरत पडायचा."

तपासलं. जागा नेमून न दिलेलं स्केचअपचं मॉडेल अमेरिकेत कोलोराडोतल्या बोल्डर गावी उभं असतं. स्केचअप जिथे जन्मलं ते गाव. अक्षांश चाळीस, वेळ युटीसी या जागतिक वेळेच्या सात तास मागे. आजीचं घर तीन महिने रॉकी पर्वताच्या पायथ्याशी ऊन खात बसलं होतं.

मॉडेल इन्फोत जिओ-लोकेशनला हाताने गुहागरचे आकडे घातले: १७.४८ उत्तर, ७३.१९ पूर्व. वेळही आपली लावली. २१ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य बोल्डरला क्षितिजापासून साडेसव्वीस अंशांवर, गुहागरला एकोणपन्नास अंशांवर. आमची वळचण पडवीच्या जमिनीपासून सात फुटांवर. म्हणजे वळचणीपासून ऊन आत येणार बोल्डरला चौदा फूट, गुहागरला सहा. त्यातले दोन फूट वळचणीच्या पुढे आलेल्या भागात गेले, उरले चार. पडवी आठ फुटांची. मावशीचं 'निम्म्यात' इंचाने बरोबर निघालं, आणि माझ्याकडे तर सॉफ्टवेअर होतं.

मग त्या नादात मे महिनाही लावून पाहिला. २० मेला मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेकडे पडते, बोटभर का होईना, कारण सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. आणि मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, साडेबारा उलटून जातात, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि गुहागर त्याच्या बरंच पश्चिमेला.

रोजच्या कामात सावल्या बंदच ठेवतो. त्याऐवजी 'यूज सन फॉर शेडिंग' ची खूण: सावल्या न पाडता भिंतींना उन्हाची बाजू मिळते, वेगावर भार नाही. हे सगळं, म्हणजे जागा, वेळ, मापं, लेयर, दहा सीन, टेम्प्लेट म्हणून साठवलं. पुढचं घर बोल्डरला जाणार नाही.

आजीची उंची

देवघर सात बाय सहा. पस्तीस अंशांच्या नेहमीच्या दृष्टिक्षेत्रात आत उभं राहिलं तर समोर नुसती भिंत. झूमचं हत्यार घेऊन ६० टाइप केलं, पुढे डेग (deg, म्हणजे अंश) लिहून एंटर मारलं, खोली खोलीसारखी दिसली. साठच्या वर गेलं की खांब वाकडे वाटायला लागतात.

कॅमेऱ्याच्या डोळ्याची उंची मुळात साडेपाच फूट असते. आजी चार फूट दहा इंच. म्हणून 'डोळा-आजी' असा सातवा डोळा केला, चार फूट सहावर, आणि रविवारी चिपळूणला मामाकडे जाऊन तिला लॅपटॉपवर दाखवला. माजघरातल्या फडताळाची वरची फळी त्या उंचीवरून दिसतच नाही. "मग? मला कधी दिसली?" म्हणाली. "वरचं काढायला तुझा आजोबा होता."

मग चष्मा सरसावून तिने सगळं माजघर नीट पाहिलं आणि विचारलं, उखळ कुठाय? जमिनीत पुरलेलं उखळ मी मोजलंच नव्हतं, त्यावर तेव्हा पाट टाकलेला होता. मधल्या खांबापासून दोन हात, असं तिने ठामपणे सांगितलं. दोन हात म्हणजे तिचे की आजोबांचे, हे घरी परत येऊन टेप टूल उघडल्यावर सुचलं. उद्या फोन करतो.