जट

रविवार, रात्री साडेदहा

“जट धरतीया गं हिला. बघ बाई.” आक्का एवढंच म्हणाल्या. टोचून नव्हे. पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवताना डाव्या कानामागं बोट अडकलं, म्हणून म्हणाल्या. आणि लगेच तोच हात स्वतःच्या कपाळाला लावला. तो कपाळाला लागलेला हात दिवसभर डोळ्यांसमोरनं हलेना.

गुंता होता तो. सुपारीएवढा. माणसाचे दिवसाला ५० ते १०० केस गळतातच. सरळ केस असले की गळलेला केस घसरून उशीवर, फरशीवर, नाहीतर आमटीत जातो. कुरळ्यातला बाहेरच पडत नाही, शेजारच्या वेटोळ्यात अडकून बसतो. चार दिवस कंगवा लागला नाही तर दोन-चारशे गळालेले केस चांगल्या केसांना धरून बसलेले असतात. केसाच्या अंगावर कौलांसारखे खवले असतात. केस कोरडा पडला की ते उचलतात आणि एकमेकांत रुततात. टाळूचं तेल सरळ केसावरनं खाली उतरतं तसं या वळणांवरनं उतरत नाही, म्हणून टोकं कायमची कोरडी. कानामागं आणि मानेवर आधी धरतं, कारण तिथं रात्री उशी घासते आणि दिवसा गणवेशाची कॉलर.

एवढं सगळं कळतं. मग चार दिवस कंगवा का नाही लागला? पाहुणे होते, चाचणी होती, पाऊस होता. जाऊ दे.

जट हा शब्द आपल्याकडं कुणी सहज बोलत नाही. मार्गशीर्षात इथनं गाड्या भरभरून सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला जातात, परत आल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील होते, त्यात वाईट काहीच नाही. पण पोरीच्या डोक्यात असा गुंता दिसला की यल्लम्माचं बोलावणं आलं म्हणायची रीतही याच वाटेवरची. मग कंगवा बंद, न्हाणं बंद, वर भंडारा आणि तेल. हळद-तेलाचा थर बसला की आत पाणी जात नाही, साधा गुंता दोरखंडासारखा घट्ट होतो, उवा होतात, वास येतो, वजनानं मान दुखते. आणि पुढं पोरगीच देवीला सोडायची, देवदासी म्हणून. मुंबई इलाख्यात १९३४ सालीच याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली परत करावा लागला. अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या बायका अजून गावोगाव बसून जटा कापतात, तासन्‌तास समजूत घालून. हे आक्कांना माहीत नाही असं नाही. तरी हात कपाळाला गेला.

मला खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. एक क्षणभर चक्क बरं वाटलं, आणि तेच आता खातंय. देवीनं केलं असेल तर मी केलेलं नाही, एवढाच विचार होता तो, पण आला. जुन्या काळात पोरीच्या केसाला गाठ पडली तर आईला कुणी नाव ठेवत नव्हतं, सगळे हात जोडायचे. भोगायचं ते पोरीनं. आता देवी बाजूला काढली की उरतं कोण? शाळेच्या फाटकाशी पोरीचं डोकं बघून बायका जे बोलतात ते मला ऐकू येतंच. ‘आई नोकरी करती जणू.’ बाप नोकरी करतो का असं कुणी विचारत नाही. आणि वळण तर ह्यांच्याच घरचं. आत्तींच्या जुन्या फोटोत बघा, तेलानं चापून बसवलेत तरी कानापाशी उठलेत.

जावळ काढताना म्हणे, पुढचे केस सरळ येतील. वस्तरा कातडीच्या वरनं फिरतो. वळण ठरतं ते कातडीच्या आत, केस ज्या नळीतनं उगवतो तिच्या वाकात. दहा वेळा गोटा केला तरी तो वाक तसाच. असो.

दुपारी बसले एकदाची. कोरडा गुंता सोडवायचाच नाही, तिथंच सगळे चुकतात. कोरड्या कुरळ्या केसात कंगवा घातला की वळण फुटतं, केस झाडूसारखा फुलतो आणि मधेच तुटतो. आधी टोकांना दोन चमचे खोबरेल. टाळूला रात्रभर थापायचं नाही, त्यानं कोंड्याला आयतं खायला मिळतं. अर्ध्या तासानं कोमट पाणी, शांपू रुपयाच्या नाण्याएवढा आणि फक्त टाळूला. खालच्या केसांना वाहून जाणारा फेस पुरतो. मग कंडिशनर मात्र हात आखडता न घेता, कानापासनं खाली, केस हाताला बुळबुळीत लागेपर्यंत. तो केसात असतानाच चार भाग करायचे, तीन चापात धरायचे, एक मोकळा. आधी बोटं, मग रुंद दातांचा कंगवा. टोकापासनं दोन बोटं वर, ते सुटलं की आणखी दोन बोटं. दुसऱ्या हातानं गाठीच्या वर केस घट्ट धरायचा, म्हणजे ओढ टाळूला न लागता आपल्या मुठीला लागते. हे एक कळलं की पोरीचं रडणं निम्म्यावर येतं.

गाठ मधनं फोडायची नाही. कडेनं एकेक केस कंगव्याच्या शेपटीनं उचलून बाहेर काढायचा, कोळ्याचं जाळं काढल्यागत. अगदीच नाही जमलं तर कात्री उभी, केसाच्या दिशेनं. आडवी घातली की तिथं खुंट राहतात आणि महिनाभर बाहेर डोकावतात. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, वर कुरळा असला की तेवढाही दिसत नाही. मग परत ‘वाढत नाहीत काय गं हिचे?’

आमच्या इमारतीत बोअरचं पाणी. त्यातला क्षार केसावर बसतो आणि कंडिशनरची सगळी मेहनत वाया. म्हणून शेवटचे दोन तांबे नळाचं पाणी, आठवणीनं भरून ठेवलेलं. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती पंच्यात केस गोळा करून दाबायचे. आणि ओले असतानाच जवसाचं पाणी. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, सात-आठ मिनिटं उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली की गरम असतानाच गाळायचं. गार झालं की फडक्यातनं उतरत नाही, दोन बायका लागतात पिळायला. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. आत्तींना वाटतं मी चटणीचे जवस वाया घालवते. त्यांचंही खरं आहे.

उवांचं आज लिहीत नाही. ते वेगळंच दुखणं.

उद्या परत दोन वेण्या, लाल रिबिनी, शाळेचा नियम. ओल्या कुरळ्या केसांची घट्ट वेणी घातली की वाळताना केस आखडतो आणि मुळाला ओढतो. कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या, भुवई वर ताणलेली वाटली, की वेणी सोडायची. रोज तसंच चाललं तर तिथले केस विरळ होतात आणि पुढं येतच नाहीत. आमच्या वर्गात अशा चार तरी होत्या, रुंद कपाळाच्या. त्यांच्या आया मात्र फार टापटिपीच्या म्हणून नावाजलेल्या.

हे लिहिताना जरा हसूच आलं. म्हणजे पेठेत नाव राखायचं तर केस उपटायचे.

ह्यांना बोलावलं मधे, चाप धरायला. दहा मिनिटं धरले, मग म्हणाले, “एवढं असतंय होय?” एवढंच असतंय. पुढच्या रविवारी मागचे दोन भाग ह्यांचे, सांगून टाकलंय. पोरगी म्हणाली, बाबा ओढत नाहीत. पहिल्या दिवशी मीही ओढत नव्हते.

पंचवीस मिनिटांनी थांबले. टाळू लाल झाली होती, त्याच्यापुढं हट्ट करण्यात अर्थ नसतो. कंगव्यातनं निघालेल्या केसांचा गोळा लिंबाएवढा भरला. त्यातला तुटलेला एखादाच, बाकी सगळे मुळासकट, आपणहून गळलेले. उजेडात धरून बघितलं, प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका होता. बराच वेळ बघत बसले.

कानामागं अजून हरभऱ्याएवढं राहिलंय, ते बुधवारी. तोवर पोरीला सांगून ठेवलंय, आक्कांच्या शेजारी बसलीस तर उजवा कान त्यांच्याकडं करून बस.