सॅनिटायझर असताना बेसिनवर का पाठवता?

"प्रत्येक कॉटच्या पायाशी सॅनिटायझरची बाटली टांगलेली आहे, आम्ही दर पेशंटनंतर चोळतोही. मग जुलाबाच्या एकाच पेशंटपुरतं 'बेसिनवर जा, साबणाने हात धुवा' असं का?" नर्सिंगच्या विद्यार्थिनी हे थेट विचारतात. निवासी डॉक्टरही विचारतात, पण जरा आडून. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न आहे क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूचा. वॉर्डात त्याला नुसतं 'सी-डिफ' म्हणतात. १९३५ मध्ये तो नवजात बाळांच्या शौचात पहिल्यांदा सापडला आणि प्रयोगशाळेत वाढवायला फार कटकटीचा म्हणून 'डिफिसिल' हे नाव त्याला चिकटलं. अँटिबायोटिकनंतरच्या आतड्याच्या गंभीर सुजेचं कारण हाच, हे १९७८ मध्ये कळलं. याला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणजे आतड्याबाहेर पडला की मरायला हवा. पण तो स्वतःभोवती जाड कवच तयार करून बीजाणू होतो आणि तसाच कॉटच्या कठड्यावर, कमोडच्या सीटवर महिनोन्महिने पडून राहतो. अल्कोहोलचं या कवचापुढे काही चालत नाही. सॅनिटायझर चोळला की बीजाणू मरत नाहीत, हातभर पसरतात.

मात्र साबणही त्यांना मारत नाही, आणि गैरसमज नेमका इथेच आहे. साबण बीजाणूंना कातडीपासून सुटं करतो आणि वाहतं पाणी त्यांना घेऊन जातं. काम घासण्याचं आणि वाहण्याचं आहे, म्हणून वेळ महत्त्वाचा: ४० ते ६० सेकंद, त्यात अंगठे, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या आल्या. अंगठी आणि बांगड्या आधीच काढलेल्या बऱ्या. बादलीत हात बुचकळून काढणं म्हणजे धुणं नव्हे.

तरी माझ्या मते बेसिनपेक्षाही मोठी गोष्ट ग्लोव्हजची आहे. हात मुळात माखलेच नाहीत तर धुण्यावरचा भार कमी होतो. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं एरवी ग्लोव्हज काढल्यावर सॅनिटायझरही चालवून घेतात. पण साथ असेल किंवा हात शौचाला लागण्याची शक्यता असेल तर साबण-पाणीच, असं तीही सांगतात. आपल्या वॉर्डात दुसरी परिस्थितीच जास्त, म्हणून मी सरळ बेसिन सांगते. आणि ग्लोव्हज घातलेल्या हाताने केसपेपर उघडला, सलाईन स्टँड सरकवला, खिशातला मोबाईल काढला, तर ते ग्लोव्हज तुमचं रक्षण करतात, बाकी कुणाचं नाही.

आता हायपोकडे, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या क्लोरीनवाल्या द्रावणाकडे येते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. फिनेलचा वास आला की जागा स्वच्छ झाली असं वाटतं, पण फिनेलने बीजाणू मरत नाहीत. फरशीच्या नेहमीच्या सुगंधी जंतुनाशकांनीही नाहीत. लागतं क्लोरीन. ०.५ टक्के, म्हणजे ५,००० पीपीएम (दहा लाख भागांत ५,००० भाग), हे धरून चालायला सोपं प्रमाण. कॅनवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर १०० मिली हायपो आणि ९०० मिली पाणी. १० टक्के असेल तर ५० मिली आणि ९५० मिली. कॅन बदलला की हिशोब बदलतो, आणि हे मावशींना कुणी सांगितलेलंच नसतं. 'मगभर पाण्यात दोन झाकणं' हे कुठल्या कॅनच्या कुठल्या झाकणाचं माप, हे विचारून पाहा. मोजपात्र कॅनला दोरीने बांधून ठेवलं की निम्मा प्रश्न सुटतो.

दुसरी चूक क्रमाची. घाणीवरच हायपो ओतला तर क्लोरीन त्या घाणीशी लढण्यात संपतो. आधी साबणाच्या पाण्याने पुसायचं, मग हायपो. पृष्ठभाग साधारण १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. उन्हाळ्यात पंख्याखाली पुसलेला लॉकर दोन मिनिटांत सुकतो, म्हणून पुन्हा फडका फिरवावा लागतो. नंतर लोखंडी कॉट साध्या पाण्याने पुसा, नाहीतर गंज चढतो आणि मग सामान खराब होतं म्हणून हायपोच बंद करा असा आदेश येतो. फडका लॉकरकडून कमोडकडे जावा, उलटा कधीच नाही. द्रावण रोज ताजं करा. कॅन सावलीत ठेवा, कारण उन्हात आणि उष्णतेत ताकद उतरते. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये हायपो कधीही मिसळू नका: क्लोरीन वायू सुटतो आणि तो सगळ्यात आधी सफाई करणाऱ्याच्याच छातीत जातो.

राहून काय जातं? कॉल बेल, दिव्याचं बटण, नळाची तोटी, दाराची कडी, बीपीचा कापडी पट्टा. हा पट्टा आणि थर्मामीटर त्या पेशंटपुरते वेगळेच ठेवा. कापड पुसून निघत नाही.

पण हे सगळं सुरू व्हायला आधी संशय यावा लागतो. आपल्याकडे अँटिबायोटिकवर जुलाब लागले की 'औषधांची उष्णता झाली' म्हणून विषय मिटतो आणि ताक-भात सुरू होतो. ताक-भात खुशाल द्या, पण तो उपचार नाही. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच, आणि आत्ता किंवा मागच्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक (विशेषतः क्लिंडामायसिन, सेफ्ट्रिॲक्सोनसारखी सेफॅलोस्पोरिन्स, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली औषधं), असं जमलं की तपासणी पाठवा; वय पासष्टच्या पुढे असेल तर संशय आणखी जास्त. त्याआधी चार्टवर एक गोष्ट बघा: कालच पोट साफ होण्याचं औषध दिलेलं नाही ना? बद्धकोष्ठावरच्या सिरपने झालेल्या जुलाबाला सी-डिफ ठरवणं ही नेहमीची फसगत आहे.

नमुना पातळच हवा, म्हणजे डबीचा आकार घेणारा. घट्ट शौच प्रयोगशाळेने परत पाठवलं तर रागावू नका, तिचं बरोबर आहे. पाठवायला उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, कारण ही तपासणी जिवाणूचं जे विष शोधते ते खोलीच्या तापमानाला काही तासांतच विघटित होतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. एक वर्षाखालच्या बाळांची ही तपासणी करायची नसते. अनेक बाळांच्या आतड्यात हा जिवाणू काही त्रास न देता राहतो. आणि बरं झाल्यावर 'निगेटिव्ह आला का' हे पाहायला पुन्हा तपासणी नको. पेशंट ठणठणीत असतानाही ती काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते.

औषधात सगळ्यात घातक चूक रात्रपाळीत होते. सी-डिफवर द्यायचं अँटिबायोटिक व्हॅन्कोमायसिन म्हटलं की हात सलाईनकडे जातो. शिरेतून दिलेलं व्हॅन्कोमायसिन आतड्याच्या पोकळीत पोहोचत नाही. इथे ते तोंडाने द्यायचं: १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, १० दिवस. कॅप्सूल मिळाली नाही तर इंजेक्शनची ५०० मिलिग्रॅमची बाटली १० मिली स्टराइल पाण्यात विरघळवा, त्यातले २.५ मिली म्हणजे एक डोस, आणि एक बाटली म्हणजे पूर्ण दिवस. उरलेलं फ्रिजमध्ये, नाव, तारीख आणि 'तोंडाने' असं ठळक लिहून. चव कडू असते, थोड्या सरबतातून चालतं. फिडॅक्सोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक मिळालं आणि परवडलं तर त्याने आजार उलटण्याचं प्रमाण कमी राहतं. मेट्रोनिडाझोल सौम्य आजारात, दुसरं काही नसेल तेव्हा. ज्या अँटिबायोटिकने हे सुरू झालं ते थांबवता येईल का, हा प्रश्न मात्र राउंडला रोज विचारा. नुसतं एवढं केलं तरी बराच फरक पडतो.

लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, टाळा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी १५,००० किंवा त्याहून जास्त, किंवा क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५ च्या वर, म्हणजे आजार गंभीर. आणि एक सापळा: जुलाब अचानक थांबले, पोट फुगलं, पेशंट मलूल झाला. नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. ती सुधारणा नसते, आतड्याची हालचाल थंडावलेली असते. त्याच तासाला सर्जनला बोलवा.

वेगळी खोली द्यायची, हे सगळ्यांना पाठ असतं. ब्रिटनमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात २००३ ते २००५ दरम्यान दोन साथी आल्या, किमान ३३ पेशंट दगावले, आणि चौकशीत पेशंटना वेळेवर वेगळं न केल्याचा ठपका व्यवस्थापनावर आला. आपल्याकडे जनरल वॉर्डात खोलीच नसेल तर कोपऱ्यातली कॉट, स्वतंत्र कमोड किंवा बेडपॅन, आणि कॉटपाशी ग्लोव्हज-गाऊन. जुलाब थांबल्यावरही निदान ४८ तास हे चालू ठेवा. बेडपॅन बऱ्याचदा सिस्टर उचलत नाही, सून किंवा मुलगा उचलतो आणि त्याच हाताने लॉकरवरचा डबा उघडतो. त्यांना बेसिन दाखवणं हे आपलंच काम. पेशंटचेही हात जेवणाआधी धुवून द्या, हे तर कुणालाच आठवत नाही.

डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी जास्त लिहा. पहिल्या झटक्यानंतर साधारण पाचातल्या एकाला हा आजार पुन्हा होतो, बहुधा आठ आठवड्यांच्या आत. तेव्हा पुन्हा जुलाब लागले तर गल्लीतल्या दुकानातून गोळी न घेता हे कार्ड घेऊन यायचं. आणि पुढे दातांसाठी असो वा सर्दीसाठी, अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरला हे कार्ड आधी दाखवायचं.