वाडीची नोंद : आंबा धरेपर्यंतची वर्षे

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यातील आमच्या एक एकर वरकस (डोंगरउताराच्या, हलक्या मातीच्या) जमिनीवरील केसर आंब्याच्या कलमांना या पावसाळ्यात जोमदार फूट आली आहे. तरीही आंब्याविषयी थोडेच लिहितो, कारण तूर्त या वाडीचा भार बांध आणि आंतरपीक यांवरच आहे.

१० × १० मीटर अंतरावर एकरी ४० कलमे बसतात. पहिली तीन वर्षे मोहोर खुडून टाकावा लागत असल्याने पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत सांगण्याजोगे उत्पन्न मिळत नाही. हौशी माणसाला एवढे थांबणे जमते. ज्याचे घरच एवढ्याशा जमिनीवर चालते त्याला ते जमत नाही. म्हणून शेजारच्या शेतकऱ्यांप्रमाणे आम्हीही ओळींमधील पट्ट्यांत नागली (नाचणी) आणि उडीद घेतला आहे. सावली पसरेपर्यंत घरापुरते धान्य त्याच जमिनीतून निघते, आणि पिकाच्या निंदणीबरोबर कलमांची आळीही तणमुक्त राहतात. बाएफ या ग्रामविकास संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेतील वांसदा भागात सुरू केलेल्या आणि पुढे आपल्याकडेही रुजलेल्या वाडी कार्यक्रमाचे (छोट्या जमिनीवर फळझाडे, मधे आंतरपीक आणि बांधावर उपयोगी झाडे) मर्म मला फळझाडांपेक्षा या मधल्या वर्षांच्या सोयीत अधिक दिसते.

बांधावर गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) फाटे लावले होते, ते आता दाट झाले आहेत. गावात त्याला उंदीरमारी म्हणतात, आणि उग्र वासामुळे मोकाट जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, हा कुंपण म्हणून मोठाच लाभ. शेंगवर्गीय असल्याने त्याच्या पाल्यात नत्र भरपूर असते; छाटलेला पाला शेजाऱ्यांनी लावणीपूर्वी भातखाचरात चिखलणीच्या वेळी गाडला, जसे चार सूत्रांवर आधारलेल्या ‘चारसूत्री’ भातलागवड पद्धतीत सुचवलेले आहे. तेवढाच रासायनिक खताचा खर्च वाचतो. उरलेला पाला आम्ही कलमांच्या बुंध्याभोवती, खोडाला न चिकटवता, आच्छादन म्हणून पसरला.

उताराकडील बांधावर काय लावावे, याची चर्चा बरीच झाली. सागाचे लाकूड मोलाचे खरे, परंतु त्याला वाढायला दशके लागतात आणि तोडीसाठी परवानगी घ्यावी लागते. बांबूला मात्र २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळले आहे, शिवाय बेट एकदा बसले की दरवर्षी पक्व काठ्या निवडून तोडता येतात. टोपल्या विणणारी, मांडव घालणारी माणसे गावातच असल्याने गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागणार नाही. तेव्हा तेथे मानवेल जातीचा बांबूच लावायचे ठरले असून खड्डे उन्हाळ्यात घेऊन ठेवू.