हिशेबात पक्का

परदेशातील एका विद्यापीठासाठी मुंबईत चाललेल्या सर्वेक्षणातील एक मुलाखत गेल्या महिन्यात बाद झाली. नियमाप्रमाणे ती बाद व्हायलाच हवी होती. त्या दिवशी मी तिथे हजर होते, आणि ज्या प्रश्नामुळे ती बाद झाली त्यातील एक शब्द माझ्याच सूचनेवरून बदललेला होता. म्हणून ते सविस्तर लिहून काढते आहे.

माझे काम दुहेरी आहे. प्रश्नावल्या मराठीत आणायच्या आणि नंतर त्या घेऊन दारोदार जाणाऱ्या मुलामुलींवर देखरेख ठेवायची. मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावे निवडली जातात आणि त्याच माणसाची मुलाखत घ्यावी लागते. तो नसेल तर त्याच्या भावाची किंवा शेजाऱ्याची चालत नाही. टॉवरमध्ये वॉचमन आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्यापुढे अर्धा दिवस जातो. चाळीत दार उघडेच असते, पण उत्तर एकट्याचे मिळत नाही, सगळी गॅलरी उत्तर देते. देवाधर्माचे प्रश्न लोक मोकळेपणाने घेतात. मत कोणाला दिले हे विचारायची वेळ आली की आवाज खाली जातो. म्हणूनच तो प्रश्न आम्ही तोंडी विचारत नाही, त्यासाठी खोटी मतपत्रिका आणि बंद डबा बरोबर असतो.

नीतीविषयीच्या प्रश्नांचा गाभा म्हणजे मॉरल फाउंडेशन्स क्वेश्चनेअर. जोनाथन हाइट, जेसी ग्रॅहम हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांची ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. माणसाची नीती पाच पायांवर उभी असते असे ती मानते: दुसऱ्याची काळजी, न्याय, आपल्या माणसांशी निष्ठा, अधिकाराचा मान आणि पावित्र्य. अमेरिकेतील उदारमतवादी पहिल्या दोन पायांवर अधिक भार देतात आणि परंपरावादी पाचही पायांवर जवळपास सारखा भार देतात, हा या मंडळींचा २००९ सालचा निष्कर्ष बराच गाजला. आमच्या सर्वेक्षणात हीच उत्तरे उपास, पूजा, वारी आणि मतदान यांच्याशी जोडून पाहायची होती.

या प्रश्नावलीत ३० खरे प्रश्न आहेत आणि २ पहाऱ्याचे. अमुक गोष्ट योग्य की अयोग्य हे ठरवताना एखादा माणूस गणितात चांगला आहे की नाही याचा तुम्ही किती विचार करता, हा पहाऱ्यावरचा एक प्रश्न. गणिताचा नीतीशी संबंध नाही, तेव्हा लक्ष देऊन ऐकणारा माणूस ‘अजिबात नाही’ म्हणेल, आणि जो सहा पर्यायांपैकी शेवटच्या तीनांत जाईल तो न ऐकताच उत्तरे देत असणार, असे गृहीत धरून त्याची सगळी मुलाखत काढून टाकतात.

हा प्रश्न मराठीत प्रथम ‘गणितात हुशार’ असा होता. चाचणी घेताना शाळा अर्ध्यावर सुटलेली वयस्कर माणसे विचारायची, ‘गणित म्हणजे शाळेतलं?’ ती गोंधळून ओशाळत होती आणि प्रश्नापेक्षा आपल्या शिक्षणाचाच विचार करत होती. म्हणून मी ‘हिशेबात पक्का’ असे सुचवले. उलट भाषांतर करणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीने ते इंग्रजीत परत नेले तेव्हा ‘आकडेमोड चांगली येणारा’ असा अर्थ निघाला आणि समितीने मान्यता दिली. उलट भाषांतराची ही पद्धत आमच्या धंद्यात देवासारखी पुजली जाते. शब्दाचा कोशातला अर्थ ती पकडते, त्याचे वजन पकडत नाही, हे मी कित्येक बैठकांत सांगितले आहे.

खरे तर नव्या मुलांना मी स्वतःच याविषयी सावध करते. रिचर्ड श्वेडर हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी भुवनेश्वर आणि शिकागो येथे केलेला नीतीविषयीचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा प्रसंग भुवनेश्वरच्या ब्राह्मण कुटुंबांनी सर्वांत गंभीर अपराध ठरवला होता. तोच प्रसंग शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणला तर काय होईल, असे मी मुलांना विचारते. आपल्याकडे अनेक घरांत क्षौर हा अंत्यविधीचाच भाग असल्यामुळे ऐकणाऱ्याला अर्धा अपराध कर्तव्यच वाटेल. हे शिकवणारी मी ‘हिशेब’ या शब्दापाशी मात्र थांबले नाही.

त्या दिवशी यादीतील नाव लालबागच्या एका जुन्या चाळीत होते. पाटण तालुक्यातून आलेले, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, नोकरी केलेले, गळ्यात तुळशीची माळ असलेले काका. मुलाखत घेणारा मुलगा नवा होता म्हणून मी सोबत होते. सोबत असलेल्याने मधे बोलायचे नाही, असा नियम आहे.

काका विलक्षण लक्ष देऊन ऐकत होते. प्रत्येक प्रश्न मनात एकदा म्हणून बघत आणि मग कार्डावर काढलेल्या सहा पेल्यांपैकी एकावर बोट ठेवत. रिकामा पेला म्हणजे ‘अजिबात नाही’, काठोकाठ भरलेला म्हणजे ‘अत्यंत’. पहाऱ्याचा प्रश्न आला तेव्हा मात्र त्यांनी विचार केला नाही, बोट थेट भरलेल्या पेल्यावर गेले. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

मुलाखत संपल्यावर चहा आला. औपचारिक काम झाले होते, म्हणून मी विचारले, ‘काका, हिशेब म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणा धरलात का? मला म्हणायचं होतं, नुसतं गणित. बेरीज, वजाबाकी.’

‘बेरीजच म्हणतोय मी, ताई,’ ते म्हणाले.

मग त्यांनी १९८२ सालच्या गिरणी संपाची गोष्ट सांगितली. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, हे पुस्तकात वाचलेले मला माहीत होते. काका राहायचे तो गावकऱ्यांचा गाळा बावीस माणसांचा होता. गावाहून येणारे धान्य, वाण्याची उधारी आणि कोणी दुसरीकडे मजुरी करून आणलेले पैसे असे सगळे एकत्र करून चूल चालत असे, आणि त्याची वही ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ अत्यंत सज्जन, एकादशी न चुकवणारे होते.

‘देवमाणूस होता. एका पैशाला हात लावला नाही त्यानं. पण त्याला बेरीज येत नव्हती, आणि येत नाही हे त्यानं सांगितलं नाही. वाण्यानं लिहिलं तेवढं धरलं. श्रावण लागला तेव्हा कळलं, धान्य संपलंय आणि उधारी दुपटीची झालीय. माझ्या भावजयीचं डोरलं त्यात गेलं. आता तुम्ही सांगा, ते पाप कुणाचं? वाण्याचं तर आहेच. पण बावीस जणांची चूल हातात घेणाऱ्याला बेरीज येऊ नये?’

त्यानंतर वही काकांनी घेतली. रात्रशाळेत जाणाऱ्या एका बदली कामगाराकडून हातचे घेणे शिकले, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या पुढे होते. बोलता बोलता त्यांनी तुकोबांच्या कर्जखतांची आठवण काढली. परंपरा सांगते की तुकोबांनी खते इंद्रायणीत बुडवली, पण त्याआधी धाकट्या भावाची अर्धी वाटणी वेगळी काढून दिली आणि फक्त आपली अर्धी पाण्यात सोडली. ‘सोडायचं असलं तरी आपलं किती ते आधी कळाय लागतं,’ काका म्हणाले. भिंतीवरच्या विठ्ठलाच्या तसबिरीखाली ती जुनी वही अजून होती. ती त्यांनी दाखवली. पानाच्या डाव्या कडेला बावीस नावे, प्रत्येकापुढे उभ्या रेघांत रोजची जेवणे, आणि जो कोणी उपाशी राहिला त्याच्या रकान्यात शून्य न लिहिता एक टिंब दिले होते. शून्य लिहिले तर पुढे कोणी एक लावील, असे त्याचे कारण त्यांनी सांगितले.

परत आल्यावर मी पर्यवेक्षकाच्या शेऱ्यात सगळे लिहिले. उत्तर एका ओळीचे आले: नियम सर्व देशांना सारखा आहे, अपवाद करता येत नाही. त्यांची अडचण मला समजते. एकदा कोणाला आत घ्यायचे हे देखरेख करणारे ठरवू लागले की आकड्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. परंतु ज्यांची उत्तरे बाद होतात ते योगायोगाने बाद होत नाहीत, आणि ही गोष्ट त्या कार्यालयाला पुरेशी गंभीर वाटत नाही याचा मला राग आहे. भिशी चालवणारी बाई, मंडळाचा खजिनदार, उधारीवर घर चालवलेला कामगार हेच लोक त्या पेल्यावर बोट ठेवणार. ते वगळून गिरणगावाच्या नीतीचा नकाशा काढला जाईल आणि त्यावरून श्रद्धा व राजकारण यांचे संबंध मांडले जातील. त्याच आठवड्यात एका तरुणाने मोबाईलवर बोलत बोलत उत्तरे दिली होती. पहाऱ्याच्या दोन्ही प्रश्नांवर तो योगायोगाने योग्य बाजूला पडला आणि त्याची मुलाखत ग्राह्य धरली गेली.

मला अजून ठरवता आलेले नाही ते असे की चूक माझ्या शब्दाची होती का. काकांनी ‘बेरीज’ म्हटल्यावरही तेच उत्तर दिले, त्यामुळे ‘गणित’ ठेवले असते तरी ते बाद झालेच असते. मात्र इतरांच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही. पाप-पुण्याचा हिशेब ज्या भाषेत चित्रगुप्त ठेवतो, त्या भाषेत ‘हिशेबात पक्का’ हे शब्द ऐकून कोणी रिकाम्या पेल्यावर बोट ठेवावे, ही अपेक्षा करणेच चुकीचे होते, आणि ती मी केली.

पुढच्या फेरीसाठी नीतीशी अजिबात संबंध नसलेला प्रश्न सुचवा, असे मला सांगण्यात आले आहे. कोणत्या हाताने काम करतो हा प्रश्न मी लगेच खोडला, कारण डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून मार खाल्लेली मुले मला ठाऊक आहेत. आवडता रंग विचारावा तर या शहरात भगवा, निळा आणि हिरवा यांचे अर्थ कोणाला सांगावे लागत नाहीत. शेवटी उंची घेतली. सोमवारी काळाचौकीला चाचणी होती. ‘योग्य-अयोग्य ठरवताना माणूस उंच आहे की बुटका याचा तुम्ही किती विचार करता?’ असे मी वाचले, आणि समोरच्या बाईंनी कार्डाकडे न बघता विचारले, ‘मुलाची उंची म्हणताय की मुलीची?’